अमळनेरचे तेल, बंगळूरचा अभियंता

१९८० साली एका वनस्पती तुपाच्या कंपनीने संगणक बनवण्यासाठी माणूस नेमला. कंपनीचा पाया अमळनेरच्या शेंगदाण्यावर रचलेला होता. तिला तेल कळत होते, साबण कळत होता, खान्देशातील बाजारपेठांचे चढउतार कळत होते. संगणक घडवलेला माणूस मात्र तिच्या पगारपत्रकावर एकही नव्हता. आजचा धागा त्या नेमणुकीविषयी आहे. जरा लांबला आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

विषय सुचण्याचे निमित्त आजचेच आहे. नवउद्योगांच्या जगात ‘फ्रॅक्शनल सीटीओ’ हा शब्द आता रुळला आहे. कंपनी वाढू लागते, ग्राहक वाढतात, आणि मित्रांनी रात्री जागून लिहिलेले सॉफ्टवेअर त्या भाराखाली कुरकुरू लागते. अशा वेळी वीस वर्षे मुरलेला तंत्रप्रमुख हवा असतो, पण त्याचा पूर्ण पगार झेपत नाही. मग आठवड्यातील दोन दिवसांपुरता किंवा महिन्यातील ठरावीक तासांपुरता अनुभवी माणूस घेतला जातो. जळगाव किंवा धुळ्याहून चालणाऱ्या उद्योगाला ही सोय विशेष मोहाची, कारण तसा माणूस पुण्यात किंवा बंगळूरात राहून काम पाहू शकतो.

शब्द नवा आहे, पेच जुना आहे. आपल्यापेक्षा अधिक जाणणाऱ्याची परीक्षा मालकाने घ्यायची कशी? त्याच्या हाती अधिकार किती द्यायचा? आणि तो निघून गेल्यावर मागे काय उरते? खान्देशाच्या इतिहासात या प्रश्नांची उत्तरे विखुरलेली आहेत, फक्त ती उद्योगाच्या इतिहासात कोणी एकत्र वाचत नाही.

आरंभ धुळ्यापासून करू. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. सेवेच्या अगदी पहिल्या काळात त्यांची रवानगी खान्देशात झाली. धुळे हे तेव्हा जिल्ह्याचे ठाणे होते. पांझरेच्या खोऱ्यात पाण्याच्या नळाचा सायफन बांधण्याचे काम या कोवळ्या अभियंत्याकडे आले. पावसाळ्यातली पांझरा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते काम किती किचकट असेल हे वेगळे सांगायला नको.

आपल्या विषयाशी त्यांचा खरा संबंध येतो तो पंचवीस वर्षांनी. १९०८ मध्ये त्यांनी सरकारी सेवा सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले. निजामाच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना विशेष सल्लागार अभियंता म्हणून बोलावले. १९०९ मधील काही महिने ते तेथे होते. शहराच्या वरच्या अंगाला, मुसीवर आणि तिच्या उपनदीवर, पूर अडवणारे जलाशय बांधावेत असा आराखडा त्यांनी दिला, शहराच्या मलनिस्सारणाचीही योजना आखली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. उस्मानसागर पूर्ण झाला १९२० मध्ये, हिमायतसागर १९२७ मध्ये. म्हणजे सल्लागार गेल्यावर अकरा आणि अठरा वर्षांनी.

थोड्या मुदतीसाठी आणलेल्या थोर तंत्रज्ञाचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. परंतु त्याचे श्रेय एकट्या सल्लागाराला देणे हा अर्धवट इतिहास होईल. संस्थानाचे स्वतःचे अभियंते होते, खाते होते, पैसा होता आणि एक आराखडा पुढे वीस वर्षे रेटण्याची चिकाटी होती. पाहुण्याने चूल कशी मांडावी हे सांगितले. ती पेटती ठेवणारे घरचे होते.

कापड गिरण्यांनी याच पेचावर दुसरी तोड काढली. जमशेटजी टाटांनी नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली तेव्हा व्यवस्थापक म्हणून निवडले बेझनजी दादाभाई मेहता यांना. हे गृहस्थ रेल्वेच्या माल खात्यातील होते. सूतकताईचा त्यांना गंध नव्हता. म्हणून त्यांच्या जोडीला लँकेशायरचा जेम्स ब्रुक्सबी हा अनुभवी तंत्रज्ञ नेमला. माणसे आणि हिशेब एकाकडे, यंत्रे दुसऱ्याकडे. १८८३ च्या सुमारास याच गिरणीने रिंग चात्यांचा प्रयोग केला, आणि तोही लँकेशायरमधल्या अनेक गिरण्या जुन्या यंत्रांना चिकटून असताना. मालकाने तंत्रज्ञाच्या हाती नुसती दुरुस्ती सोपवली असती तर हे घडले नसते. नवे काही करून पाहण्याची मुभा त्याला होती.

आता अमळनेर. बोरी नदीकाठचे हे तालुक्याचे गाव सुरत–भुसावळ या ताप्ती खोऱ्यातील रेल्वेवर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंत प्रतापशेठ यांच्या कापड गिरणीने गावाचे रूप पालटले. याच प्रतापशेठांच्या आश्रयाने १९१६ मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या मानाने कृष्णचंद्र भट्टाचार्यांची गोष्ट कमी सांगितली जाते. बंगालमधील सरकारी शिक्षणसेवेतून निवृत्त झालेला हा अव्वल दर्जाचा तत्त्वज्ञ १९३३ ते १९३५ या काळात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचा संचालक होता. गिरणीच्या पैशावर चालणाऱ्या, रेल्वेच्या आडफाट्यावरच्या संस्थेने देशातील एक श्रेष्ठ बुद्धिमान माणूस ठरावीक काळासाठी गावात आणून बसवला होता! वेदान्त आणि संगणक यांची तुलना मी करत नाही. एवढेच म्हणतो की बाहेरची बुद्धी मानाने आणण्याची रीत अमळनेरला परकी नव्हती.

२९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेरला कारखाना उभारला. कारण सरळ होते: भोवती भुईमूग पिकत होता आणि दाराशी रेल्वे होती. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि तेलाच्या उद्योगातून निघणारा ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण ही तिची ओळख. कंपनीचे शेअर अमळनेर परिसरातील लोकांनीही घेतले. ही बाब लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

ऑगस्ट १९६६ मध्ये महंमद हाशम यांचे अकस्मात निधन झाले. त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होता. तो शिक्षण सोडून परतला. भागधारकांच्या पहिल्याच सभेत एका भागधारकाने त्याला उघड सुनावले की हा धंदा तुझ्या आवाक्यातला नाही, भाग विकून मोकळा हो. हा प्रसंग पुढे खूप गाजला. त्या भागधारकाला हसणे सोपे आहे, परंतु पैसे गुंतवलेल्या माणसाची ती शंका रास्तच होती असे मला वाटते.

तरुण मालकाच्या पहिल्या सुधारणांपैकी एक शेंगदाणा खरेदीची सांगितली जाते. मालाची प्रत ठरवण्याची जुनी रीत अनुभवी खरेदीदाराच्या हाताची आणि दाताची होती: मूठभर दाणे घ्यायचे, चावून पाहायचे, भाव सांगायचा. प्रेमजींनी नमुन्यातील तेल आणि ओलावा मोजून भाव ठरवण्याची पद्धत आणली. मला ही गोष्ट पुढच्या संगणकाच्या कथेपेक्षा महत्त्वाची वाटते. जाणकाराच्या जिभेवर असलेले ज्ञान मोजमापात उतरवले की तो जाणकार उद्या आला नाही तरी कारखाना अडत नाही. शिवाय मालकाला स्वतः दाणा चावता येत नसला तरी पारख करणाऱ्याची पारख करता येते. तज्ज्ञांना कामाला लावण्याचा पहिला धडा प्रेमजींनी अमळनेरच्या शेंगदाण्यावर गिरवला.

सत्तरच्या दशकात कंपनी तेलाबाहेर पाहू लागली. हायड्रॉलिक सिलिंडर बनवण्याचा उद्योग तिने दशकाच्या मध्याला बंगळूरात सुरू केला. १९७७ मध्ये तिचे नाव ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ झाले. जुन्या लांबलचक नावातील अक्षरे जोडून हा शब्द बनला आहे. त्याच सुमारास दिल्लीत वेगळेच नाट्य चालू होते. परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतीय भागीदारी वाढवायला सांगितले आणि ते न मानता आयबीएम १९७८ मध्ये देश सोडून गेली. संगणकाच्या बाजारात पोकळी निर्माण झाली. सरकारनेही छोट्या संगणकांच्या निर्मितीला खासगी कंपन्यांसाठी वाट दिली. अनेकांनी त्या पोकळीकडे पाहिले, त्यात ही तेलवाली कंपनीही होती.

आता माणूस हवा होता. प्रेमजी अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, तरी संगणक घडवण्याचा अनुभव त्यांना नव्हता. तसा अनुभव असलेली माणसे देशात मोजकीच होती आणि त्यांतील बरीचशी हैदराबादच्या ईसीआयएलमध्ये होती. अणुऊर्जा खात्याची ही सरकारी कंपनी १९६७ मध्ये निघाली आणि तिने ‘टीडीसी’ मालिकेतील संगणक देशात बनवून दाखवले होते. तेथील अभियंते डॉ. श्रीधर मिट्टा १९८० मध्ये विप्रोत आले. तिरुपतीला पदवी, खरगपूरच्या आयआयटीत पदव्युत्तर शिक्षण, अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि वर सरकारी प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष काम: असा माणूस सुरक्षित सरकारी नोकरी सोडून साबण-तुपाच्या कंपनीत येतो, ही त्या काळी घरच्यांना समजावून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती!

त्यांच्याकडे चालू यंत्रणेची देखभाल सोपवलेली नव्हती, कारण यंत्रणाच नव्हती. संशोधन विभाग शून्यातून उभारायचा होता. सुरुवातीचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात झाले. ही जागा निवडण्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. ज्या विषयात आपल्याकडे चार माणसे आहेत, त्या विषयातले चाळीस जाणकार भिंतीपलीकडे असावेत. अडले तर विचारता यावे, नवी मुले तेथूनच निवडता यावीत. आज दोन दिवसांचा तंत्रप्रमुख नेमणारा उद्योग जे विकत घेऊ पाहतो, त्यातले बरेचसे विप्रोने शेजार निवडून मिळवले. अमेरिकेतील सेंटिनेल या कंपनीकडून परवाना घेतला गेला, इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरवर आधारलेले संगणक तयार झाले, आणि उत्पादनासाठी म्हैसूरला कारखाना निघाला. अमळनेर या नकाशात कोठेच नव्हते.

पुढची नेमणूक वेगळ्या जातीची आहे. संगणक बनू लागले, आता ते विकायचे होते, दुरुस्त करायचे होते, शेकडो माणसे हाताळायची होती. १९८४ च्या सुमारास प्रेमजींनी संगणक व्यवसायाचे प्रमुखपद अशोक सूता यांना दिले. सूता रुरकीचे विद्युत अभियंता, पण आले होते श्रीराम रेफ्रिजरेशनमधून. शीतयंत्रांच्या कंपनीतला माणूस संगणकावर! परंतु ज्या टप्प्यावर कंपनी होती, तेथे बिघडलेली कंपनी सावरलेल्या व्यवस्थापकाची गरज होती. तंत्र सांभाळायला मिट्टा होतेच. नागपुरातील बेझनजी आणि ब्रुक्सबी यांची जोडी येथे शंभर वर्षांनी पुन्हा दिसते.

आज नवे उद्योजक सर्वाधिक फसतात ते इथेच, असे माझे निरीक्षण आहे. यंत्र बनवणारा माणूस आणि यंत्र बनवणाऱ्यांची संस्था चालवणारा माणूस हे दोघे एकाच पगारात मिळतील अशी अपेक्षा धरली जाते. क्वचित मिळतातही. परंतु आपल्याला या क्षणी त्यांपैकी कोण हवा आहे हे न ठरवता नेमणूक केली की सहा महिन्यांत दोन्ही बाजू एकमेकांना दोष देऊ लागतात.

१९९१ नंतर बाजार खुला झाला, परदेशी संगणक येऊ लागले आणि देशी बनावटीच्या यंत्रांचा मुलूख आक्रसला. विप्रोकडे आता मोठा, कसलेला संशोधन विभाग होता आणि त्याला पुरेल इतके काम नव्हते. तेव्हा त्या विभागाची बुद्धीच परदेशी कंपन्यांना भाड्याने देण्याचा मार्ग निघाला. तुमच्या उत्पादनाचे संशोधन आमचे अभियंते करतील, असा हा व्यवहार. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्या कंपनीला एक अभियंता बाहेरून आणावा लागला होता, ती आता जगाला अभियंते तासाच्या हिशेबाने पुरवू लागली. अंशकालीन तंत्रनेतृत्वाचा बाजार आज जगभर आहे. त्या बाजाराच्या विक्रेत्यांच्या बाजूला अमळनेरची कंपनी पूर्वीच जाऊन बसली होती.

१९९९ मध्ये सूता बाहेर पडले आणि सहकाऱ्यांसह त्यांनी ‘माइंडट्री’ स्थापली. त्याच वर्षी जीईच्या वैद्यकीय यंत्रांच्या व्यवसायातून विवेक पॉल विप्रोचे उपाध्यक्ष म्हणून आले. त्यांचा मुक्काम अमेरिकेत, ग्राहकांजवळ होता. ऑक्टोबर २००० मध्ये कंपनीची न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंद झाली. मोठा माणूस गेला म्हणजे कंपनी बसते ही भीती येथे खोटी ठरली. मोठा माणूस गेला म्हणजे काहीच होत नाही असेही नव्हे, कारण सूतांसोबत अनुभवही गेला आणि त्यातून एक प्रतिस्पर्धी जन्मला. (जाता जाता: प्रेमजींनी १९६६ मध्ये अर्धी सोडलेली स्टॅनफर्डची पदवी याच सुमारास पूर्ण केली.)

मग अमळनेरला काय मिळाले? शेअर मिळाले. गावातील ज्या कुटुंबांनी विप्रोचे भाग जपून ठेवले, त्यांच्या संपत्तीच्या कथा वर्तमानपत्रांतून वेळोवेळी येतात. कारखान्यातली नोकरी मिळाली. परंतु मिट्टांच्या हाताखाली शिकून पुढे स्वतःची कंपनी काढणारी जी पिढी तयार झाली, ती बंगळूरात झाली. भांडवलाचा लाभ शेअरच्या कागदावरून अमळनेरला पोचला; कौशल्याचा लाभ ज्या गावात तंत्रप्रमुख बसला त्याच गावात राहिला. याचा दोष प्रेमजींना देता येत नाही. १९८० मध्ये खान्देशाला स्वतःचे विद्यापीठही नव्हते, ते जळगावला आले १९९० मध्ये. राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले १९८३ मध्ये. संगणकाचा संशोधक अमळनेरला बसवला असता तर त्याने बोलायचे कोणाशी?

तरीही दुसरा मार्ग होता, आणि तो साठेक किलोमीटरवर जळगावात दिसतो. वाकोदचे भवरलाल जैन वाणिज्य आणि कायद्याचे पदवीधर. १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी रॉकेलचा व्यवसाय सुरू केला. १९७८ मध्ये केळ्याची भुकटी करणारा एक जुना कारखाना त्यांनी तीस लाखांना घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पपेन हे द्रव्य शुद्ध करून निर्यात करायला लागले. पुढे पाइप आले, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन आले. जैन स्वतः रसायनशास्त्रज्ञ नव्हते, सिंचन अभियंतेही नव्हते. त्यांनी तंत्र बाहेरून घेतले, पण त्याची प्रयोगशाळा, प्रक्षेत्र आणि प्रशिक्षण जळगावच्या माळावर, जैन हिल्सला ठेवले. ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित केळीची रोपे तेथून शेतकऱ्यांच्या बांधावर गेली. २००७ मध्ये तर कंपनीने नानदान या इस्राएली सिंचन कंपनीतील निम्मा हिस्साच विकत घेतला आणि २०१२ मध्ये उरलेला. सल्लागार नेमण्याऐवजी सल्लागारांचे घरच घेण्याचा हा प्रकार. पुढे कर्जाचा डोंगर झाला आणि कंपनी मोठ्या संकटात सापडली, हेही नोंदवले पाहिजे.

जळगावला हे जमले, कारण ठिबकचा प्रश्न मुळात केळीच्या बागेत होता. तज्ज्ञाला प्रयोग करायला जळगावलाच यावे लागे. संगणकाचा असा कोणताही धागा अमळनेरच्या मातीत नव्हता.

आजचा तंत्रप्रमुख धुळ्याला येत नाही, पडद्यावर येतो. त्यामुळे त्याला बोलावणे स्वस्त झाले आणि त्याच्याकडून शिकणे अवघड. विश्वेश्वरय्यांच्या आराखड्याला हैदराबादेत राबवणारे होते. ब्रुक्सबी गिरणीतच वावरत होता. मिट्टांच्या मेजाभोवती तरुण अभियंते बसत होते. दोन दिवसांच्या माणसाशेजारी उरलेले पाच दिवस कोण बसणार, हे नाव करारावर सही होण्यापूर्वी ठरलेले असावे. ते नाव जळगावच्या किंवा शिरपूरच्या महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीचे असू शकते. आणि त्याने घेतलेले निर्णय कारणांसह लिहून ठेवलेले असावेत, कारण चावून पाहिलेला दाणा कोणाच्याही कामाचा राहत नाही.

शेवटी एक कागदोपत्री गंमत. २०१३ मध्ये विप्रोची विभागणी झाली. साबण, तेल आणि इतर ग्राहकोपयोगी वस्तूंचा व्यवसाय ‘विप्रो एंटरप्रायझेस’ या वेगळ्या कंपनीकडे गेला आणि मूळ कंपनीकडे उरली फक्त माहिती तंत्रज्ञान सेवा. म्हणजे १९४५ मध्ये अमळनेरच्या तेलासाठी जन्मलेली जी कायदेशीर कंपनी आहे, तिच्याकडे आज सॉफ्टवेअर आहे. तेल नाही, आणि अमळनेरही नाही.